सेनोतेत उतरण्यापूर्वी: युकातानच्या पाणविवरांत पोहणं, स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात जमिनीला अचानक भोक पडावं तशी हजारो पाणविवरं आहेत. त्यांना सेनोते म्हणतात. पाणी इतकं नितळ की तळाचा दगड हाताशी असल्यासारखा वाटतो, आणि तो असतो दहा-पंधरा मीटर खाली. कॅनकून किंवा तुलुमच्या सहलीला गेलेला माणूस एखाद्या तरी सेनोतेत उतरल्याशिवाय परतत नाही. पण बहुतेकजण टूरवाला नेईल त्या सेनोतेत, नेईल त्या वेळी उतरतात आणि गर्दीत लाइफ जॅकेट घालून अर्धा तास डुंबून बाहेर येतात. थोडी आखणी केली तर याहून कितीतरी जास्त मिळतं.

आखणीची सुरुवात एका साध्या प्रश्नानं करावी. मी पाण्यात असताना सरळ वर आलो, तर डोकं हवेत निघेल की दगडाला लागेल? वर आभाळ असेल तर सेनोते म्हणजे एक सुंदर तळं. वर छत असेल तर ती पाण्यानं भरलेली गुहा, आणि तिथले नियम पूर्णपणे वेगळे. कोणत्या सेनोतेत जायचं, काय शिकून जायचं, कोणाबरोबर जायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं या एका उत्तरावरून ठरतं.

जमीन कशी आहे, ते आधी

हा भाग वाचायला दोन मिनिटं लागतील, पण पाण्याखाली जे दिसतं त्याचा अर्थ त्यामुळे लागतो.

युकातान म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस पडला की पाणी सरळ जमिनीत मुरतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली जातं. लाखो वर्षांत त्यातून बोगदे आणि दालनं कोरली गेली. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. त्या काळात थेंबाथेंबानं त्यांच्यात लवणस्तंभ तयार झाले. बर्फ वितळलं, समुद्र चढला, त्याबरोबर भूजलही चढलं आणि गुहा बुडाल्या. जिथे छत कोसळलं, तिथे सेनोते उघडं झालं.

म्हणून पाण्याखाली लवणस्तंभ दिसले की समजावं, एके काळी इथे हवा होती. माणसंही होती. तुलुमजवळच्या ओयो नेग्रो नावाच्या बुडालेल्या खड्ड्यात २००७ साली डायव्हर्सना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तो बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचा आहे. जवळच आता नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडंही होती. ज्या साक आक्तुन गुहाजाळ्याचा हा भाग आहे, ते जानेवारी २०१८मध्ये शेजारच्या दोस ओहोस जाळ्याशी जोडलेलं असल्याचं सिद्ध झालं आणि एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली. म्हणजे तुम्ही ज्या टुमदार डोहात पोहता, त्याच्या एका कोपऱ्यातून एखादा बोगदा थेट जिल्हाभर गेलेला असू शकतो.

आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न मराठी माणसाला पडतोच. सह्याद्री आणि दख्खनचं पठार बेसाल्टचं आहे, आणि बेसाल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. निघोजचे रांजणखळगे दिसायला कमाल आहेत, पण ते कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून तयार झालेले. नातं शोधायचंच तर लोणारशी जुळतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या अशनीनं डायनोसॉरचा काळ संपवला, तो युकातानच्या उत्तर किनाऱ्यावर चिकशुलुबला आदळला. ते विवर आता चुनखडीच्या थरांखाली गाडलेलं आहे, पण त्याच्या कडेच्या रेषेवर, मेरिदा शहराभोवती, सेनोतेंची एक कमान उमटली आहे. लोणारचं विवर तर आपल्या डोळ्यांसमोर उघडं आहे. चिकशुलुबची कड मात्र नकाशावर सेनोतेंचे ठिपके जोडले तरच दिसते.

पायरी १: आपलं सेनोते निवडा

स्थानिक लोक सेनोतेंचे ढोबळ प्रकार सांगतात: पूर्ण उघडी, अर्धवट छताची आणि बंद गुहेची. तुमच्या तयारीनुसार यातून निवड करावी.

पोहता येत नसेल, लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील, तर उघडं सेनोते. तुलुमच्या उत्तरेचं कासा सेनोते मला यासाठी सगळ्यांत योग्य वाटतं. खारफुटीच्या झाडांमधून वाहणाऱ्या ओढ्यासारखं ते लांबट आहे, फार खोल नाही आणि जमिनीखालून समुद्राला जोडलेलं आहे. तिथे एक छोटी मगर दिसते असं ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. लोक तिच्या आसपास वर्षानुवर्षं पोहत आले आहेत. अंतर ठेवावं, खायला घालू नये, इतकंच.

पोहायला बऱ्यापैकी येतं आणि गुहेचा अनुभवही हवा आहे, अशांनी ग्रान सेनोते किंवा दोस ओहोस निवडावं. ग्रान सेनोते तुलुम गावापासून कोबाच्या रस्त्यावर सायकलनं जाण्याइतकं जवळ आहे. लाकडी पायवाटा, उथळ कडा, कासवं, आणि छताखालचे लवणस्तंभ स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) लावून सहज दिसतात. दोस ओहोस म्हणजे ‘दोन डोळे’. शेजारी शेजारी दोन डोह, आणि त्यांना जोडणारी गुहा.

माया लोकांचं प्राचीन शहर चिचेन इत्झा पाहायला जाणार असाल तर जवळचं इक किल फोटोंमुळे प्रसिद्ध आहे. जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली गोल डोह, वरून लोंबणाऱ्या वेली आणि मुळं. देखणं खरंच आहे, पण दुपारी बसगाड्या आल्या की तिथे पोहण्यापेक्षा रांगेत उभं राहणंच जास्त होतं. त्याऐवजी वायादोलिदला मुक्काम करून गावातच असलेलं सासी किंवा थोडं बाहेरची सामुला आणि श्केकेन ही जोडी गाठावी. श्केकेन जवळजवळ पूर्ण बंद गुहा आहे. छतातल्या एका छिद्रातून उन्हाचा झोत सरळ पाण्यावर पडतो.

एक स्पष्टीकरण. चिचेन इत्झाच्या आवारात जे पवित्र सेनोते आहे, तिथे पोहायचं नसतं. पाऊसदेव चाकसाठी तिथे बळी आणि मौल्यवान वस्तू अर्पण केल्या जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसननं गाळ उपसून सोनं, हिरवा जेड, धूप आणि मानवी अस्थी बाहेर काढल्या. ते काठावरून पाहावं.

पायरी २: कधी जायचं, कसं पोहोचायचं

पाण्याचं तापमान वर्षभर २४-२५ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे पाण्यासाठी ऋतू पाहायची गरज नाही. पाहायचा तो उजेड, पाऊस आणि गर्दी. छतातून उतरणारे उन्हाचे झोत हवे असतील तर सूर्य डोक्यावर येतो ते मे ते सप्टेंबरचे महिने आणि सकाळी दहा ते दुपारी दोनची वेळ. मात्र जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो आणि मोठ्या पावसानंतर उघड्या सेनोतेंचं पाणी पाचोळ्याच्या रंगानं गढूळ होतं. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची, पण पर्यटकांचा पूर असतो. ईस्टरच्या आठवड्यात तर स्थानिक कुटुंबंही सुट्टीवर असतात. तो आठवडा टाळावा. रविवारचंही तसंच.

शांतता हवी असेल तर दार उघडताना हजर राहा. बसगाड्यांचे लोक साडेदहा-अकराला येतात. आणि झोत तर अकरा-बाराला चांगले दिसतात! दोन्ही एकदम मिळत नाही. मी शांततेच्या बाजूनं कौल देतो, फोटोवाले दुसऱ्या बाजूनं देतील.

विमानतळ कॅनकूनचा, किंवा डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेला तुलुमचा. कॅनकूनहून तुलुम सुमारे १३० किलोमीटर. मधल्या ३०७ क्रमांकाच्या हमरस्त्यावर कोलेक्तीवो म्हणजे शेअर व्हॅन सतत धावतात. आपल्या वडापसारखंच, हात दाखवा, बसा, उतरताना पैसे द्या. पण बरीच सेनोते हमरस्त्यापासून आत असतात. दोस ओहोसला व्हॅननं फाट्यावर उतरलात तर उन्हात बरंच चालावं लागतं. डायव्हिंगचं सामान असेल तर गाडी लागतेच, ती बहुधा डायव्ह सेंटरच देतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना वेगळा लागत नाही, अशी सवलत आहे. नियम बदलत असतात, तिकिटापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा. भारतातून अमेरिकामार्गे जात असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरून लोक विमानतळावर अडकतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ह्यूस्टन किंवा डॅलसहून हे लांब वीकेंडचं ठिकाण आहे. त्यांनी मात्र पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसाचा शिक्का अजून वैध आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावं. संपला असेल तर आधी वकिलाला विचारावं.

पायरी ३: पिशवीत काय, अंगाला काय

अंगाला काहीही नाही. सनस्क्रीन, डासांचं मलम, तेल, परफ्यूम, सगळं बंद. बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी चालत नाही. उतरण्यापूर्वी शॉवर सक्तीचा असतो आणि तो मनापासून घ्यायचा, खांदे ओले करून निसटायचं नाही. याचं कारण शिस्तीच्या पलीकडचं आहे. तुम्ही ज्यात उतरता ते या प्रदेशाचं भूजल आहे, पिण्याचं पाणी याच साठ्यातून येतं, आणि पुढे ते जमिनीखालून वाहत समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत जातं. जमिनीवर नद्या नाहीत म्हणजे घाण वाहून न्यायलाही दुसरं कोणी नाही. ‘त्रेन माया’ रेल्वेचे खांब गुहांमधून गेले तेव्हा तिथले गुहा-डायव्हर्स एवढे का खवळले, ते यावरून कळेल. आणि हो, स्वच्छतागृह उतरण्यापूर्वी गाठायचं. पाण्यात नाही. हे लिहावं लागू नये, पण लागतं.

उन्हापासून बचाव कपड्यानं करा. लांब बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि तशीच चड्डी उत्तम. सुती सलवार-कुर्ता किंवा जीन्स पाण्यात जड होते, पायात अडकते. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख भारतात सहज मिळतो, तो घेऊन जा. बाकी यादी छोटी: पकड असलेल्या चपला (लाकडी जिने शेवाळानं निसरडे असतात), टॉवेल, कोरडे कपडे, स्वतःचा मास्क असल्यास तो, आणि रोख पेसो. प्रवेशाला काहीशे पेसो पडतात आणि अनेक सेनोतेंवर कार्ड चालत नाही. जागा बहुधा एखिदोची, म्हणजे गावच्या सामायिक मालकीची असते, आणि तिकीट फाडणारा माया कुटुंबातलाच असतो. त्यांच्या लेखी ही पूर्वजांची जागा आहे. आरडाओरडा, मोठ्यानं गाणी, दारू टाळावी.

शाकाहाऱ्यांसाठी आडवळणाचा सल्ला: घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. ‘सिन मांतेका’ म्हणजे चरबीविना, एवढे दोन शब्द पाठ करून जा.

पायरी ४: पोहणं

गावच्या विहिरीत, पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना सेनोते परकं वाटणार नाही. पाय टेकायला तळ नाही, बाजूला उभा कातळ, वर गोल आभाळ, हे त्यांच्या ओळखीचं असतं. अडचण होते ती तरणतलावात शिकलेल्यांची. तिथे उथळ बाजू असते, निळ्या फरशा असतात, दमलं की पाय टेकता येतात. इथे पहिल्या पायरीनंतर एकदम पंधरा मीटर पाणी, आणि नितळ असल्यामुळे ते दिसतंही. डोळ्यांना खोली दिसली की श्वास चढतो. म्हणून पहिली पाच मिनिटं दोरीला किंवा जिन्याला धरून नुसतं तरंगा. श्वास सावकाश झाला की मग हात सोडा.

लाइफ जॅकेट अनेक ठिकाणी सगळ्यांना सक्तीचं आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. वाद घालू नका. गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा कमी तरंगतो, कोकणात समुद्रात सहज उताणे पडणारे इथे बुडायला लागतात. जॅकेटचा कमरेचा पट्टा आवळा, नाहीतर ते कानापर्यंत वर येतं.

उडी मारायची असेल तर ठरवून दिलेल्या ओट्यावरूनच. विहिरीत मुटका मारायची खुमखुमी असलेल्यांना हे जाचक वाटेल, पण पाणी नितळ असल्यानं खोलीचा अंदाज हमखास चुकतो. सूर मारणं तर नकोच. आधी माणसाला विचारा, खाली कोणी नाही हे पाहा, मग पायांवर उडी घ्या.

पायरी ५: स्नॉर्केलिंग

डायव्हिंग न करणाऱ्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. सेनोतेतलं सर्वांत सुंदर दृश्य, म्हणजे उन्हाचे झोत पाण्यात शिरून निळे पट्टे होतात ते, पृष्ठभागापासून पहिल्या काही मीटरांतच असतं. स्नॉर्केल आणि चांगला मास्क असलेला माणूस ते मनसोक्त पाहतो, तेही तासभर.

मास्क जागेवर भाड्यानं मिळतो, पण चेहऱ्याला नीट बसतो का ते आधी तपासा: पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकानं किंचित श्वास ओढा. चिकटून राहिला तर ठीक. मिशी असेल तर खालच्या कडेतून पाणी शिरणारच. मिशीवाल्यांनी याची तयारी ठेवावी किंवा मिशी छाटावी, तिसरा मार्ग नाही. काचेला आतून थोडी थुंकी लावून ती धुतली की धुकं धरत नाही.

पाण्यात आडवं राहणं ही खरी कला. पाय खाली लोंबले की फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) तळाचा गाळ उडवतात आणि मागच्यांचं दृश्य संपतं. लवणस्तंभांना हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. ते कोरड्या गुहेत वाढले होते, पाण्याखाली ते वाढतच नाहीत. तुटला तो कायमचा तुटला.

टॉर्च जरूर घ्या, दिवसासुद्धा. छताच्या कडेला उजेड टाकला की आत जाणाऱ्या बोगद्यांची तोंडं, छोटे मासे, आणि पाण्यावरच्या छताला लटकलेली वटवाघळं दिसतात. दोस ओहोसला गाईडबरोबर वटवाघळांच्या दालनापर्यंत स्नॉर्केल करत जाता येतं. वर हवा असते, पण उजेड कमी. अंधाराची भीती असलेल्यांनी गाईडला आधी सांगून ठेवावं. कातळाच्या कपारीत शेपटीला दोन पिसांचे गोंडे असलेला निळा-हिरवा पक्षी दिसला तर तो तोह. सेनोतेच्या भिंतीत तो घरटं करतो. माया लोकांसाठी तो पाण्याची खूण होता.

स्नॉर्केल लावून श्वास रोखून खाली डुबकी मारायचा मोह होईल. उघड्या भागात मारा. छताखाली मारू नका. वर येताना जिथे हवा होती तिथे दगड लागतो, आणि श्वास रोखलेला असताना दिशा शोधायला वेळ नसतो.

पायरी ६: डायव्हिंग

इथे थोडं रेंगाळतो, कारण चूक झाली तर सगळ्यांत महाग इथेच पडते.

सेनोतेतल्या डायव्हिंगचे दोन जग आहेत. पहिलं ‘कॅव्हर्न’, म्हणजे गुहेचा तो भाग जिथून बाहेरचा दिवसाचा उजेड सतत दिसतो आणि मोकळ्या हवेपर्यंतचं अंतर ६० मीटरपेक्षा जास्त नसतं. दुसरं ‘केव्ह’, म्हणजे त्यापलीकडचा पूर्ण काळोख. पर्यटक म्हणून तुम्ही फक्त पहिल्यात जाता. केव्हसाठी वेगळं, कित्येक दिवसांचं प्रशिक्षण लागतं. हद्द कुठे संपते हे समजायला अडचण येत नाही, तिथे हातात कोयता घेतलेल्या सांगाड्याचं चित्र असलेली पाटी लावलेली असते: थांबा, पुढे जाऊ नका. ती पाटी डायव्हिंगचे प्रशिक्षक आणि अतिशय अनुभवी लोक आत जाऊन मेले म्हणून लागली आहे.

*घरून काय शिकून जायचं.* किमान ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं प्राथमिक प्रमाणपत्र. महाराष्ट्रात तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, अंदमानात बरीच आहेत. पण प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाण्यात एका जागी, एका उंचीवर स्थिर राहता येणं. समुद्रात अर्धा मीटर वर-खाली झालं तर काही बिघडत नाही. छताखाली वर झालात तर हजारो वर्षांचा स्तंभ मोडता, खाली झालात तर गाळ उडवून सगळ्यांना आंधळं करता. म्हणून शेवटचा डायव्ह दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आधी कोसुमेल बेटाजवळच्या समुद्रात किंवा कासा सेनोतेसारख्या उघड्या पाण्यात एक उजळणी करा. पाय वर-खाली मारण्याऐवजी बेडकासारखे बाजूला मारायची सवय लावा, म्हणजे पाण्याचा झोत तळाकडे जात नाही.

*गाईडला काय विचारायचं.* पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न. तुम्ही पूर्ण केव्ह डायव्हर आहात का? एका वेळी किती जणांना नेता? किती दाबावर परत फिरायचं? योग्य उत्तरं अशी: हो, जास्तीत जास्त चार, टाकीतली एक तृतीयांश हवा संपली की. डायव्हच्या दिवशी गाईडच्या अंगावर दोन टाक्या, दोन रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारं उपकरण) आणि अनेक टॉर्च दिसले पाहिजेत. तो तुमच्यासारख्याच एका टाकीनं आत निघाला, किंवा ‘पाटीच्या थोडं पलीकडे दाखवतो’ म्हणाला, तर पैसे गेले तरी चालतील, तुम्ही काठावर बसा.

*हवेचा हिशोब.* एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परत येण्यासाठी, एक तृतीयांश अडचणीसाठी, ज्यात जोडीदाराला हवा द्यावी लागणंही आलं. टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात; २०० बारनं सुरुवात केली तर साधारण १३० बारला सगळा गट वळतो. गटात सर्वांत वेगानं हवा संपवणाऱ्याचा आकडा सर्वांना लागू. तुमच्या टाकीत भरपूर शिल्लक असेल तरी कुरकुर नको.

*सामान.* ५ मिलिमीटरचा वेटसूट घ्या. २५ अंश ऐकायला उबदार वाटतात, पण पंचेचाळीस मिनिटं हलकं तरंगत राहिलं की दात वाजतात, आणि दिवसात बहुधा दोन डायव्ह असतात. कमरेचं शिसं समुद्रापेक्षा दोन-तीन किलोंनी कमी ठेवा, पाणी गोडं आहे. स्नॉर्केल, हातमोजे आणि सुरा काढून ठेवायचे: पहिलं दोरीत अडकतं, हातमोजे घातले की माणूस दगडाला हात लावतो, आणि सुऱ्यानं मार्गदर्शक दोरी कापली जाण्याचा धोका असतो. प्रत्येकाकडे टॉर्च. टॉर्च जोडीदाराच्या डोळ्यांवर मारू नका. उजेडाचं वर्तुळ भिंतीवर फिरवलं म्हणजे ‘ठीक आहे’, जोरात डावी-उजवीकडे हलवला म्हणजे ‘अडचण आहे, इकडे लक्ष द्या’.

*आत.* प्रवेशापासून एक जाड दोरी सतत आखलेली असते. ती नजरेआड होऊ द्यायची नाही, आणि उगाच धरायचीही नाही. दोरीवर बाणाच्या आकाराच्या खुणा असतात, त्या बाहेरच्या वाटेकडे रोखलेल्या असतात. गटाचा क्रम उतरताना ठरतो तोच शेवटपर्यंत. अस्वस्थ वाटलं तर अंगठा वर दाखवा. डायव्हिंगच्या भाषेत याचा अर्थ ‘परत चला’, आणि कोणीही, कधीही, कारण न सांगता तो दाखवू शकतो. गाईड लगेच वळतो. न वळणारा गाईड चांगला नाही.

*पहिला डायव्ह कुठे?* दोस ओहोस, बार्बी लाइन नावाचा मार्ग. खोली फार तर दहा मीटर, पाण्याखाली भिंतीच्या कपारीत कोणी तरी ठेवलेली बार्बी आणि प्लॅस्टिकची मगर. विचित्र आहे, पण नवख्याचं दडपण जातं. दुसरा डायव्ह तिथेच, वटवाघळांच्या दालनाकडचा. नंतर चाक मूल किंवा कुकुल्कान सेनोते. तिथे गोडं पाणी वर आणि समुद्रातून आलेलं खारं पाणी खाली, असे दोन थर भेटतात. कोणी हात हलवला की दोन्ही मिसळतात आणि लिंबू सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा वेड्यावाकड्या रेषा उमटतात. मास्क खराब झाला की काय असं वाटतं. उपाय सोपा आहे: गाईडच्या थेट मागे न राहता किंचित बाजूनं, त्याच्याच उंचीवर पोहा. खालच्या थरात गेल्यावर पाणी थोडं उबदार लागतं आणि तुम्ही अचानक हलके होता, त्यामुळे श्वास सोडत बीसीडीतली (तरंगणं कमी-जास्त करायच्या जॅकेटातली) हवा जराशी कमी करा. ताज्मा हा नावाचं सेनोतेही याच पट्ट्यात आहे, नाव ऐकून भारतीयांना हसू येतं. उन्हाळ्यात त्याचे झोत फार सुंदर असतात.

आंहेलिता आणि एल पिट ही दोन नावं फोटोंत सतत दिसतील. दोन्ही खोल आहेत, आंहेलिता सुमारे ६० मीटर, पिट त्याच्या जवळजवळ दुप्पट. सुमारे ३० मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा दाट पांढुरका ढग असतो; कुजणाऱ्या पानाफांद्यांतून तो तयार होतो. आंहेलितात ढगातून झाडांच्या वाळक्या फांद्या वर आलेल्या दिसतात, जणू धुक्यातलं बेट. ढगातून खाली गेलं की अंधार, आणि तोंडात सडक्या अंड्याची चव. हा डायव्ह अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि खोल डायव्हचा खरा अनुभव असलेल्यांनीच करावा. पहिल्याच सहलीत ‘एवढं आलोय तर’ म्हणून नको. ढगाच्या वरूनच पाहून परतणंही चालतं.

पायरी ७: बाहेर आल्यावर

कान कोरडे करा, मुलांचेही. गोड्या पाण्यात कानात पाणी राहिलं की दोन दिवसांनी ठणका लागतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डायव्ह रद्दच करा. कानातला दाब सुटला नाही तर पडदा दुखावतो.

प्रवासविम्याचा कागद नीट वाचा. स्कूबा बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं, तेव्हा डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. दाबाच्या आजारावर उपचार करणारे कक्ष कोसुमेल आणि प्लाया देल कार्मेनला आहेत. डायव्हनंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं, विलक्षण थकवा असं काही जाणवलं तर हॉटेलात झोपून बघू नका. डायव्ह सेंटरला लगेच फोन करा.

विमान आणि डायव्ह यांचं अंतर आखणीतच बसवा. एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्ह किंवा सलग दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान नको. म्हणून मी डायव्हचे दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवतो, मधला दिवस पोहण्या-स्नॉर्केलिंगला आणि शेवटचा वायादोलिद व चिचेन इत्झाला. तिथे सकाळी दार उघडताच पिरॅमिड बघायचा, अकराच्या आत बाहेर पडायचं, सामुलात एक डुबकी मारायची आणि संध्याकाळच्या विमानासाठी कॅनकूनचा रस्ता धरायचा. घड्याळाकडे लक्ष ठेवा: युकातान राज्य आणि कॅनकूनचं किंताना रो राज्य यांच्या वेळेत वर्षभर एका तासाचा फरक असतो, आणि तो तुमच्या बाजूनं नसतो.